मुमताजची साक्ष

आजी त्याला 'बावला खून' म्हणायची. तिचं लहानपण गिरगावात, मुगभाटातल्या चाळीत गेलं. १९२५ साली ती चौदा वर्षांची होती. पुढे लग्न होऊन नाशिकला आली, पण मुंबईच्या ज्या तीन-चार गोष्टी तिने शेवटपर्यंत सांगितल्या, त्यांत ही एक होती. लाल मोटार, मलबार हिल, गोऱ्या सोल्जरांनी पकडलेले मारेकरी, सगळं ती रंगवून सांगायची आणि दरवेळी एकाच वाक्यावर थांबायची: "त्या नायकिणीपायी बिचारा पोरगा जिवानिशी गेला, आणि होळकरांची गादीही गेली."

"आणि तिचं काय झालं?" असं मी एकदा विचारलं होतं.

"तिचं काय व्हायचंय," म्हणून आजी पोळ्या लाटायला लागली.

हे सगळं मी विसरले होते. बावीस वर्षं मालिका लिहिण्यात गेली. सासू-सुना लिहिल्या, संत लिहिले, मग गुन्हे लिहिले, कारण त्या काळात कामं त्याचीच होती. तीन वर्षांपूर्वी अंधेरीतल्या एका ऑफिसात मला बोलावणं आलं. जुन्या मुंबईतल्या गाजलेल्या खुनांवर मालिका काढायची होती आणि पहिलाच भाग बावला खुनाचा. दिग्दर्शक तिशीतला, हुशार, वाचून आलेला. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "मॅडम, हुक तयार आहे. चेहऱ्यावर सुरा. एकदम क्लोज. तिची किंकाळी, कट, टायटल."

मी नाशिकची. पंचवटीत वाढले. तपोवनात लक्ष्मण शूर्पणखेचं नाक कापतोय असं शिल्प आहे, शाळेच्या सहलीत आम्ही त्याच्यासमोर ओळीने उभ्या राहून फोटो काढले होते. गावाचं नावच त्या नाकावरून पडलं असं आम्हाला सांगत. बाईच्या चेहऱ्यावरचा वार ही काही अंधेरीत लागलेली नवी कल्पना नाही, एवढं मला तेव्हाच कळत होतं. तरी मी काम घेतलं. हप्ते चालू होते.

घटना थोडक्यात सांगते, कारण घटनेत माझा जीव अडकलेला नाही. मुमताज बेगम इंदूरच्या दरबारात अगदी लहान वयात नाचगाण्यासाठी आली आणि महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या जनान्यात राहिली. तिथे तिचं नाव कमलाबाई ठेवलं होतं. पुढे ती निसटली आणि मुंबईत येऊन अब्दुल कादर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याकडे राहू लागली. तो पंचविशीतला, महापालिकेचा सभासद. तिला सोडून दे म्हणून त्याला धमक्या येत होत्या. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी दोघं मोटारीतून मलबार हिलवर फिरायला गेले होते. हँगिंग गार्डनजवळच्या रस्त्यावर लाल मॅक्सवेल गाडीतून आलेल्या लोकांनी त्यांना अडवलं. बावलाला गोळ्या घातल्या, मुमताजला ओढून गाडीत घालण्याचा प्रयत्न केला, तिच्या चेहऱ्यावर वार केले. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी तिथे पोचले. सीगर्ट नावाच्या लेफ्टनंटने हातातल्या गोल्फच्या काठीने मारेकऱ्यांवर झडप घातली, स्वतः गोळी खाल्ली, पण माणसं पकडली गेली. बावला वाचला नाही. मुमताज वाचली.

आता या गोष्टीतलं प्रत्येक पात्र बघा. राजा आहे, कोट्यधीश आहे, गोल्फची काठी घेतलेला साहेब आहे. हायकोर्टात खटला उभा राहिला तेव्हा न्यायमूर्ती क्रंप होते, सरकारतर्फे जमशेटजी कांगा होते, आरोपींच्या वकिलांत महंमद अली जीना होते. ते इंदूरच्या फौजेतल्या आनंदराव फणसे यांच्या बाजूने उभे होते. अशी पात्रयोजना नाटककाराला सुचली असती तर लोक म्हणाले असते, जरा अतीच झालं. कोर्टात गर्दी मावत नव्हती. वर्तमानपत्रं लांबच लांब वृत्तान्त छापत होती.

मी ते वृत्तान्त वाचायला घेतले ते हुक शोधायला. आणि सापडली ती साक्ष.

ही बाई बाविशीतली. चेहऱ्यावर जखमांचे व्रण. समोर देशातले सगळ्यात महागडे वकील. तिला विचारतात, इंदूर का सोडलंस? ती सांगते की मला तिथे राहायचंच नव्हतं. मला मुलगी झाली होती आणि दायांनी ती मारली. माझ्यावर पहारा असायचा. मसुरीला नेत होते, तेव्हा दिल्लीला मी गाडीतून उतरले आणि पुढे जायला नकार दिला. हे सगळं ती भर कोर्टात सांगते, वकिलांच्या प्रश्नांना तोंड देत. वृत्तान्तातून बातमीदाराचा शेरा आणि वकिलाचा उपरोध गाळत गेलं की खाली तिचा आवाज लागतो, विहिरीत पाणी लागावं तसा.

माझ्या आजीच्या गोष्टीत हे काहीच नव्हतं. मेलेली मुलगी नव्हती, दिल्लीचं स्टेशन नव्हतं. आजीला दोष देत नाही, तिने जे ऐकलं ते सांगितलं. पण ते तिने कुणाकडून ऐकलं, हा प्रश्न मला सुटेना. चाळीतल्या पुरुषांनी मोठ्याने वाचलेल्या पेपरातून. आणि कदाचित सिनेमातून.

कारण सिनेमा लगेच आला. त्याच वर्षी, १९२५ मध्ये, दादरच्या कोहिनूर फिल्म कंपनीने 'कुलीन कांता' काढला. दिग्दर्शक होमी मास्टर, कथा मोहनलाल दवे यांची. कोहिनूरचे मालक द्वारकादास संपत हे पौराणिक चित्रपट काढता काढता शहरात आज काय बोललं जातंय तिकडे कान देणारे गृहस्थ होते, आणि त्या वर्षी शहरात बोलायला दुसरा विषय नव्हता. राजा, नर्तकी, पळून जाणं, हल्ला. नावं बदललेली असली तरी गिरगावातल्या पोरासोरांनाही कळत होतं हे कुणाचं आहे. शीर्षकातला 'कुलीन' हा शब्द कुणी, कुठल्या हेतूने घातला असेल याचा मी बराच विचार केला. नायकिणीला कुलीन म्हणून तिची बाजू घेतली, की प्रेक्षकांना तिकीट काढताना लाज वाटू नये म्हणून पडदा घातला? मला दुसरी शक्यता जास्त वाटते. धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर तशीच वाटते.

पण मला खटकलं ते दुसरंच. तो मूकपट होता. अर्थात १९२५ साली सगळेच मूक होते, त्यात कोहिनूरचा काही दोष नाही. तरीही, ज्या बाईने हायकोर्टात उभं राहून इतकं बोलून दाखवलं, तिची गोष्ट पडद्यावर आली ती बोलती बंद होऊन. बाईचा चेहरा आला, पळणं आलं, तोंड उघडणं आलं. शब्द आले ते पाटीवर, दुसऱ्याने लिहिलेले.

मे महिन्यात निकाल लागला. तिघांना फाशीची शिक्षा झाली. क्रंप साहेबांचा रोख इंदूरकडे होता आणि हे काम या माणसांनी स्वतःच्या बुद्धीने केलेलं नाही हे त्यांनी लपवलं नाही. सरकारने महाराजांपुढे दोन पर्याय ठेवले, चौकशीला सामोरं जा किंवा गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी मुलाला, यशवंतरावांना, गादी दिली. आजीचं 'गादीही गेली' ते हे. १९२८ मध्ये त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन मुलीशी लग्न केलं. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींनी तिला हिंदू करून घेतलं, ती शर्मिष्ठाबाई होळकर झाली आणि त्या लग्नावर पुन्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरले. म्हणजे महाराजांना दुसरा अंक मिळाला, गाजलेला.

हे सगळं वाचून झाल्यावर मी एकदा मुद्दाम हायकोर्टाबाहेर जाऊन उभी राहिले. कामाच्या नावाखाली. ओव्हल मैदानाच्या कडेने बघितलं की हायकोर्टाशेजारी राजाबाई टॉवर. टॉवरचं काम १८७८ मध्ये पुरं झालं. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव दिलं. तेव्हा लोक हौसेने वर चढून मुंबई बघत. २५ एप्रिल १८९१ रोजी बच्चूबाई आणि फेरोजबाई या दोन पारशी तरुणी तिथे वर गेल्या आणि खाली पडून गेल्या. बच्चूबाई ही अर्देशर गोदरेज यांची बायको, तेच कुलपं आणि तिजोऱ्यांचे गोदरेज. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं, त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. वर काय घडलं, त्या पडल्या की अब्रूसाठी त्यांनी उड्या मारल्या, यावर शहरात महिनोन् महिने खल झाला, खटला झाला, आरोपी सुटला. आज हे प्रकरण कुणाला माहीत असलंच तर 'राजाबाई टॉवर प्रकरण' म्हणून. नावात बाई आहे, पण ती प्रेमचंदांची आई.

मला वाटतं त्या दिवशी माझ्या डोक्यात हे नीट बसलं. खटल्याला नाव पुरुषाचं किंवा इमारतीचं, विकायला चेहरा बाईचा.

नानावटी खटला घ्या. एप्रिल १९५९ मध्ये नौदलाचे कमांडर नानावटी यांनी आपल्या बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा याचा गोळ्या घालून खून केला. करंजियांच्या 'ब्लिट्झ'ने नानावटींची बाजू इतकी लावून धरली की पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जात होता. रस्त्यावर फेरीवाले आहुजा टॉवेल आणि नानावटी रिव्हॉल्व्हर विकत होते, खेळण्यातलं. टॉवेल कशाला, तर आहुजा गोळी लागली तेव्हा नुसता टॉवेल गुंडाळून होता म्हणून. माझ्या मामाने ते रिव्हॉल्व्हर घेतलं होतं आणि आईने ते चुलीत घातलं, अशी आमच्या घरातली दंतकथा. या सगळ्या जत्रेत सिल्व्हिया नानावटी ही बाई कुठे होती? ती साक्षीला आली होती, तीन मुलांची आई. तिच्या साडीची चर्चा झाली, तिच्या डोळ्यांची झाली. पुढे हिंदी सिनेमे झाले, मराठीत मधुसूदन कालेलकरांचं 'अपराध मीच केला' हे नाटक झालं. नाटक चांगलं बांधलेलं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शीर्षकातला 'मी' कोण, ते बघा.

यावर कुणी म्हणेल, मग बाईचं नाव द्या खटल्याला, म्हणजे न्याय झाला. तसं नाही. आपल्याच महाराष्ट्रात त्याचा उलटा अनुभव आहे. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, आताच्या गडचिरोली जिल्ह्यात, एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नाही, असा एकूण सूर. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. निकालाच्या कागदावर त्या खटल्याला आरोपीचं नाव आहे. पण चळवळीत, पुस्तकांत, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांत तो ओळखला जातो त्या मुलीच्या नावाने. तिच्यासाठी लढणाऱ्यांनीच ते नाव घराघरांत नेलं. आणि १९८३ च्या त्याच दुरुस्तीत नियम आला की बलात्कारपीडितेची ओळख छापायची नाही. म्हणजे तिच्यामुळे झालेला कायदा पुढच्या सगळ्यांना मिळाला, तिला नाही. मी इथे ते नाव लिहीत नाही. तुम्हाला आठवलं असेलच, आणि अडचण नेमकी तीच आहे.

मालिकावाल्यांनी या नियमाचा काय उपयोग केला ते मी जवळून पाहिलं आहे. नाव बदला, गाव बदला, सुरुवातीला 'सत्य घटनेवर आधारित नाट्य रूपांतर' अशी पाटी टाका, की मग काहीही दाखवायला मोकळे. कायद्याने तिचं नाव झाकलं, आम्ही बाकीचं सगळं उघडं ठेवलं. 'आम्ही' म्हणतेय, कारण मीही लिहिलेत असे भाग. एका भागाच्या चित्रीकरणाला गेले होते, मड आयलंडच्या एका बंगल्यात. पीडितेचं काम करणारी मुलगी माझ्याशेजारी खुर्चीत बसली होती, दिवसाच्या पैशांवर आलेली. गळ्यावर रंगाची जखम सुकत होती म्हणून तिला मान हलवता येत नव्हती, तशीच तिरक्या तोंडाने वडापाव खात होती. मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही लिहिलंय ना? या सीनमध्ये मी मेलेय का जिवंत आहे?" तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी माझी पानं चाळली. मी लिहिलं होतं, 'सुनीता जमिनीवर पडलेली.' बस. मेलीय की जिवंत, हे मीही लिहिलं नव्हतं. कॅमेऱ्याला त्याने फरक पडत नव्हता.

"मेलीयस," मी म्हटलं. काहीतरी सांगायला हवं होतं.

तर बावला. मी तो भाग असा लिहिला: सीन एक, मुंबई हायकोर्ट, दिवस. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एक तरुण बाई. वकील विचारतो. ती उत्तर देते. मलबार हिल येते, पण तिच्या सांगण्यातून, तिला जेवढं आठवतं तेवढीच. लाल गाडी, आवाज, कुणाचा तरी हात. सुरा दिसत नाही, कारण चेहऱ्यावर वार होतो तेव्हा माणसाला स्वतःचा चेहरा दिसत नाही. तो मुद्दा मी अंधेरीत सांगितला तेव्हा खोलीत क्षणभर शांतता होती. मला वाटलं, पटलं.

मग दिग्दर्शक म्हणाला, "मॅडम, लिहिलंय भारी. पण व्हिज्युअल काय आहे? बाई उभी आहे आणि बोलतेय. प्रेक्षक बोटाने पुढे सरकवणार." त्याचं चूक नव्हतं, त्याच्या हिशोबाने. पहिल्या तीस सेकंदांत किती लोक गळतात याचा आलेख त्याच्याकडे होता. कोहिनूरवाल्यांकडे आलेख नव्हता, तिकीटखिडकी होती. हिशोब तोच.

मी म्हटलं, सुरा हवाच असेल तर किमान तिची मुलगी ठेवा. जी मारली, ती. त्यावाचून ती इंदूरहून का पळाली हे कळणारच नाही.

"ते डार्क होतं मॅडम. लव्हस्टोरी मार खाते."

खून डार्क नाही, मेलेलं तान्हं मूल डार्क. हा फरक मला बावीस वर्षांत कुणी शिकवला नव्हता, त्या दिवशी शिकले. अर्धं मानधन मिळालं, उरलेलं 'बघू' झालं, आणि लिखाण दुसऱ्या कुणाकडे गेलं. तो मुलगाही चांगलाच लिहितो. त्याच्यावर राग नाही.

मी गुन्ह्यांच्या कथा वाचूच नका, बघूच नका, असं म्हणणाऱ्यांतली नाही. तसं म्हणणारे बहुतेक चोरून बघतात. गुन्ह्याची गोष्ट सांगावी, खटला सांगावा, पोलिसांनी काय केलं आणि काय केलं नाही तेही सांगावं. बावला खुनाने एका राजाला गादीवरून उतरवलं. ही केवढी मोठी राजकीय गोष्ट आहे आणि ती एका बाईच्या साक्षीवाचून उभीच राहिली नसती. प्रश्न एवढाच की कॅमेरा कुठे ठेवायचा, मारणाऱ्याच्या खांद्यावर की तिच्या डोळ्यांच्या जागी. माझ्या धंद्यात तो बहुतेक वेळा मारणाऱ्याच्या खांद्यावर असतो. तिथून तिचा चेहरा चांगला दिसतो ना.

आजी गेली त्याला आता पंचवीस वर्षं झाली. ती असती तर तिला मी साक्ष वाचून दाखवली असती, दायांपर्यंतची. आजीला स्वतःला दोन मुली जन्मतःच गेल्या होत्या. कशा गेल्या ते घरात कुणी कधी बोललं नाही. ऐकून ती काय म्हणाली असती सांगता येत नाही. पण 'तिचं काय व्हायचंय' असं म्हणून पोळ्या लाटायला लागली नसती, एवढं मला वाटतं.

भाग गेल्या वर्षी आला. मी बघितला, वही घेऊन, सवयीने. बेचाळीस मिनिटांत मुमताज चार वाक्यं बोलते. पहिलं 'वाचवा'. कोर्टाचं दृश्य आहे, त्यात जीना बोलतात.